शेठचं काहीतरी बिनसलंय

समोरच्या माणसाचा खिसा आपोआप हलायला लागला तर रक्त घेणाऱ्या मुलीनं काय करायचं, हे स्वप्नालीला ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

अंबरनाथ पूर्वेच्या त्या लॅबमध्ये ती दिवसभर लोकांच्या शिरा शोधायची. त्या सकाळी कुठल्याशा कंपनीची मेडिकल होती, बाहेर रांग लागली होती. खुर्चीत बसलेल्या उंच, सावळ्या मुलानं दंडाला पट्टा बांधायच्या आधीच डोळे गच्च मिटून घेतले होते. एवढा दांडगा गडी आणि सुईला घाबरतो! तिनं हसू दाबून कापसानं त्याचा हात पुसला, सुई उचलली — आणि त्याच्या शर्टाच्या खिशातून एक गुलाबी नाक बाहेर आलं.

“अगं आई गं! उंदीर!”

“उंदीर नाय हो मॅडम, हॅमस्टर हाय,” तो डोळे न उघडताच म्हणाला. “शेठ नाव त्याचं. कुणाला काय करत नाय. तुम्ही तुमचं काम करा... फक्त लवकर करा.”

“शेठ?”

“दिसेल तो माल गालात भरून ठेवतो ना, म्हणून. आणि आमच्या गावात सगळेच शेठ. मी भूपेशशेठ, हा नुसता शेठ.”

ती खुदकन हसली. त्या हसण्याच्या नादात सुई आत कधी गेली आणि बाहेर कधी आली, त्याला कळलंच नाही. त्यानं एक डोळा किलकिला करून पाहिलं.

“झालं?”

“झालं. पण हा खिशात कशाला?”

मग त्यानं सगळं सांगितलं. बारवी रस्त्यावरचं गाव. भाडेकरू खोली सोडून गेले आणि पिंजरा मागेच ठेवून गेले. घरात चार मांजरं, त्यामुळे ह्याला क्षणभर एकटं सोडायची सोय नाही. आणि आता कंपनी पाठवतेय कच्छला, पवनचक्क्यांच्या कामावर. मित्रांना विचारलं तर ते पोट धरून हसतात. “कोण सांभाळणार सांगा?” त्यानं विचारलं आणि खिशावर हलकेच तळहात ठेवला.

“द्या माझ्याकडे,” स्वप्नाली म्हणाली.

आपण असं का म्हणालो, ह्याचं कारण तिनं घरी आईला वेगळं सांगितलं आणि मैत्रिणीला वेगळं. खरं कारण होतं त्या गच्च मिटलेल्या, लांबलचक पापण्या. पण ते तिनं तेव्हा स्वतःलासुद्धा सांगितलं नाही.

स्वप्नालीचं घर नुकतंच बदलापूरला आलं होतं. त्याआधीचा सगळा जन्म उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात गेला होता — तळमजल्याची खोली, एकच खिडकी, आणि तीही जीन्सच्या कारखान्याच्या भिंतीवर उघडणारी. शिलाई मशीनची घरघर, आणि बारा महिने उकाडा. तिचे बाबा, महेंद्र, ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी पहिलं काम केलं ते सातव्या मजल्यावर घर घेण्याचं. समोर अर्धवट बांधलेली एक बिल्डिंग, तिच्या बाजूनं डोंगर, आणि हॉलला लागून गॅलरी. त्या गॅलरीतून जो वारा यायचा, त्याचं महेंद्रना कोण कौतुक! पाहुणा आला की आधी चहा नाही, आधी वारा. “बसा इथं. बघा कसा येतो!” दार लावायचं नाव काढलं तर रागवायचे. “आयुष्यभर घाम पुसला. आता येऊ दे हवा.”

शेठचा पिंजरा आला तेव्हा तिची आई, माया, म्हणाली, “दुसऱ्याचं जनावर आहे बाई. त्याला चांगली जागा द्या.” आणि घरातली सगळ्यात चांगली जागा म्हणजे गॅलरीच्या दारापाशी, फरशीवर, जिथं वारा पहिल्यांदा आत यायचा. तिथंच पिंजरा ठेवला गेला.

शेठ मजेत होता. तिन्हीसांजेला उठायचा, मिशा साफ करायचा, आणि चाकावर असा धावायचा की जणू कल्याणला वेळेत पोचायचंय. स्वप्नालीच्या बोटातून सूर्यफुलाची बी घ्यायचा, दोन पायांवर उभा राहून तिच्याकडे बघायचा. आणि जेवणं उरकली की फोन वाजायचा.

“शेठला दाखवा की.”

“नुसतं शेठलाच?”

“...म्हणजे, मधे तुम्ही आलात तर मी काय डोळे मिटणार नाय.”

“मिटता की. सुई दाखवली की मिटता.”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. तो कच्छच्या वाऱ्याबद्दल सांगायचा, टॉवरवर चढताना पोटात कसा गोळा येतो ते सांगायचा. ती दिवसभराचे पेशंट सांगायची. पण सुरुवात नेहमी शेठपासून व्हायची आणि शेवटही शेठवर. शेठ काय जेवला? शेठ झोपला का? सगळं बोलणं त्या मूठभर जिवाच्या पाठीवर बसून चाललं होतं. स्वप्नालीला हे कळत होतं, आणि कधी कधी रात्री अंगावर चादर ओढताना मनात यायचं, शेठ नसता तर? हा फोन आला असता? ह्याच्याजवळ मला फोन करण्यासारखं दुसरं काय आहे?

डिसेंबर सरता सरता, एका संध्याकाळी, शेठ तिला चावला.

साधासुधा नाही, कडकडून. बोटातून टपकन रक्त आलं. दिवसभर लोकांचं रक्त काढणारी मुलगी स्वतःचं रक्त बघून रडवेली झाली. तिनं पुन्हा हात पुढे केला तर शेठ दात दाखवून मागे सरकला आणि कोपऱ्यात जाऊन बसला, तिच्याकडे पाठ करून.

त्या दिवसापासून त्याचं सगळंच बिनसलं. चाक थांबलं. पिंजऱ्यातला कापूस, कागद, भुसा, जे मिळेल ते ओढून त्यानं एका कोपऱ्यात ढीग केला आणि त्याच्या आत तोंड खुपसून पडून राहू लागला. खाणं समोर ठेवलं की गाल फुगेस्तोवर भरायचं आणि ढिगात नेऊन लपवायचं. उचललं तर अंग थरथरायचं. जो शेठ तिची चाहूल लागताच उभा राहायचा, तो आता तिला ओळखेनासा झाला.

“मी काय केलं रे तुला?” ती पिंजऱ्याशी बसून विचारायची.

महेंद्रनी चष्मा पुसून प्रश्न फॅक्टरीच्या पद्धतीनं हातात घेतला. “मशीन काल चालत होतं, आज नाही. म्हणजे मधे काहीतरी बदललं. काय बदललं ते शोध.”

स्वप्नाली शोधायला लागली. हाताला लॅबचं स्पिरिट लागतं, त्याचा वास येत असेल — म्हणून ती घरी आल्यावर कोपरापर्यंत हात धुवायला लागली. नवं अत्तर लावत होती — खरं तर व्हिडिओ कॉलवर वास जात नाही, तरी लावत होती — तेही बंद केलं. आईला मिक्सर बेडरूममध्ये नेऊन लावायला सांगितलं. माया बिचारी खोबरं वाटायला बेडरूममध्ये जायची, आणि जाता जाता म्हणायची, “त्याला मालकाची आठवण येतेय, दुसरं काही नाही. काहींना येते, काही लपवतात.”

“आई!”

“मी शेठबद्दल बोलतेय.”

भूपेशला काय सांगायचं? तो विश्वासानं देऊन गेला होता. दोन महिनेही धड सांभाळता आला नाही, असं सांगू? आणि सांगितल्यावर तो म्हणाला की राहू दे, मी मित्राला न्यायला पाठवतो — तर? मग जेवणानंतर फोन कशासाठी वाजेल?

“शेठला दाखव ना,” तो त्या संध्याकाळी म्हणाला.

“झोपलाय.”

“ह्या वेळेला? हा तर त्याचा टाइम धावायचा.”

“दमलाय. थांब, दुपारचा व्हिडिओ पाठवते.” आणि तिनं दिवाळीनंतर काढलेला एक व्हिडिओ पाठवून दिला. शेठ त्यात चाकावर मस्त धावत होता.

“एक नंबर!” त्याचा मेसेज आला. तिला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा सोपं जातं. ती रोज जुना व्हिडिओ शोधायची. भूपेश रोज ‘एक नंबर’ म्हणायचा. आणि लगेच विषय बदलायचा.

शेवटी ती उल्हासनगरला गेली. स्टेशनजवळच्या गल्लीत भावेशचं दुकान होतं, मासे, लव्हबर्ड, ससे, हॅमस्टर, सगळं एकाखाली एक रचलेलं. कॅम्पात राहायची तेव्हा ती रोज त्या दुकानावरून जायची. भावेशनं मोबाइलमधला शेठ बघितला आणि छातीठोकपणे सांगितलं, “दीदी, ये शेठ नाही, शेठाणी आहे! पेट से है. कापूस ओढते ना? घर बना रही है बच्चों के लिए.”

“पण तो एकटाच आहे. केव्हापासून.”

“इनका कुछ भरोसा नहीं, दीदी. एक काम करा — हात लावू नका. बघायचं पण नाही. डिस्टर्ब केलं तर पिल्लं खाऊन टाकते.”

स्वप्नाली तडक घरी आली. एकटा हॅमस्टर एवढ्या महिन्यांनी पोटुशी कसा राहील, हा साधा हिशेब तिला सुचायला हवा होता. पण घाबरलेल्या माणसाला कुणीतरी ठामपणे काहीही सांगितलं तरी आधार वाटतो. तिनं पिंजऱ्यावर ओढणी टाकली, दाणापाणी हळूच आत सरकवलं आणि घरात फर्मान काढलं — कुणी बघायचं नाही. महेंद्र गॅलरीतून आत येताना पिंजऱ्याला वळसा घालून चवड्यांवर चालायला लागले.

त्याच आठवड्यात बदलापुरातली थंडी आणखी वाढली. पहाटे डोंगर दिसेनासा व्हायचा, वारा गॅलरीतून सुरीसारखा आत यायचा. माया दोन-दोन चादरी अंगावर घ्यायची. उल्हासनगरात ह्या घराला स्वेटर म्हणून कधी लागला नव्हता, त्यामुळे नव्या जागेची ही थंडीसुद्धा सगळ्यांना चैनच वाटत होती. “हिल स्टेशन आहे हिल स्टेशन,” महेंद्र कानटोपी घालून म्हणायचे, आणि दार उघडंच ठेवायचे.

शनिवारी फोन आला. “उद्या सकाळी पोचतो,” भूपेश म्हणाला. “चुलतभावाची हळद आहे. म्हटलं, येताना शेठला बघून जावं.”

तिनं ओढणीखालच्या पिंजऱ्याकडे बघितलं.

“येऊ ना?”

“...ये की.”

रविवारी सकाळी तिनं ओढणी बाजूला केली. काहीही असो, आधी आपण बघितलं पाहिजे. कापसाचा ढीग बोटानं उकलला. आत शेठ गोळा होऊन पडला होता. तिनं हाक मारली. बोट लावलं. तो गार होता, फरशीइतका गार. पाय ताठ. तिनं उचलला तर डोकंसुद्धा हललं नाही. माणसांच्या हातातली बारीकातली बारीक शीर शोधणाऱ्या तिच्या बोटांना त्या एवढ्याशा छातीत काहीच सापडलं नाही.

“आई...” एवढंच ती म्हणाली.

महेंद्र विहारात मीटिंगला गेले होते. मायानं तिला जवळ घेतलं, तिचं डोकं थोपटलं. आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली.

दारात भूपेश. कच्छच्या उन्हानं आणखी काळवंडलेला, दाढी वाढलेली, हातात मिठाईचा डबा. तो हसत होता. तिच्या चेहऱ्याकडे बघताच त्याचं हसू विरलं, मग नजर तिच्या ओंजळीकडे गेली.

“गेला,” ती म्हणाली. “माझ्यामुळे.”

त्यानं डबा खाली ठेवला. एका बोटानं शेठच्या पाठीवरून हात फिरवला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्यानं काही खटपट केली नाही. “चल,” तो म्हणाला. “आमच्या शेतात पुरू या. इथं खाली सगळे पेव्हर ब्लॉक. माती कुठं मिळणार तुला?”

माया दारापर्यंत आली. “जा,” ती म्हणाली. “ओढणी घे अंगावर, गार आहे.”

खोक्यात ठेवायला तिचं मन होईना. तिनं शेठला दोन्ही तळहातांत मिटून घेतलं, ओढणीच्या आत, पोटाशी. स्टेशनवरून येताना भूपेशनं मित्राची बाइक आणली होती, तिच्यावर ती मागे बसली.

“धर मला,” भूपेश म्हणाला.

“हात रिकामे नाहीत.”

 मग त्यानं बाइक अशी चालवली की मागून येणारी प्रत्येक रिक्षा हॉर्न मारत पुढे गेली. खड्डा आला की तो आधी सांगायचा, “खड्डा आहे हं,” आणि बाइक जवळजवळ उभीच करायचा. ती त्याच्या पाठीपासून वीतभर अंतर राखून बसली होती. त्या पाठीवर डोकं टेकून रडावं असं तिला फार वाटत होतं. पण कुठल्या हक्कानं? ज्याच्यामुळे ही ओळख झाली, तो हातात गार पडलेला. आज खड्डा बुजला की सगळं संपलं. तो कच्छला जाईल, ती लॅबमध्ये. फोनवर काय विचारणार? कशी आहेस, बरी आहे, ठेवू?

बारवी रस्त्याला ऊन चांगलं तापलं होतं. भूपेशच्या शेतात भाताची कापणी होऊन गेली होती, बांधाच्या खाली वाल फुलला होता. त्यानं खोपटातून कुदळ आणली आणि बांधाकडेला खणायला लागला. ती उन्हात धसकटांमधे बसली, हात तसेच मिटलेले.

“भूपेश.”

“हं.”

“तुला पाठवलेले व्हिडिओ जुने होते. सगळे. तो महिनाभर आजारीच होता. चावायचा, लपायचा. मी तुला खोटं सांगितलं.”

कुदळ थांबली नाही. “माहीत आहे,” तो म्हणाला.

“काय?”

“तुमच्या समोरची बिल्डिंग. डिसेंबरात तिला निळा रंग दिला. कॉलवर तुझ्या मागं निळी दिसायची, आणि व्हिडिओत नुसतं प्लास्टर.” त्यानं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. “एवढं कळतं मला.”

“मग विचारलं का नाहीस? ओरडायचंस तरी!”

त्यानं कुदळ जमिनीत रोवली, तिच्याकडे बघितलं, आणि लगेच वालाकडे बघितलं. “विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस... की शेठ गेला. मग मी तुला फोन कशाला करायचा? तू तरी माझा फोन कशाला उचलला असतास? म्हणून म्हटलं, चालू दे. एक नंबर, एक नंबर म्हणायचं आणि तुझा आवाज ऐकायचा.”

स्वप्नाली त्याच्याकडे बघतच राहिली. एवढे दिवस तिला जी धास्ती होती, अगदी तीच धास्ती ह्यालाही होती, तिकडे कच्छात, टॉवरवर. आणि दोघं वेड्यासारखी एका बिचाऱ्या प्राण्याला पुढे करून मागे लपली होती. तिला हसू आलं, रडू आलं, आणि रागही आला. ह्या सगळ्यात त्याला नीट कुणी बघितलंच नाही.

तेवढ्यात तिच्या तळहातात काहीतरी हललं.

आधी तिला वाटलं, आपलीच नाडी. पण नाडी तिला माहीत होती, तो तर तिचा रोजचा धंदा. ही तिची नव्हती. अगदी बारीक, आणि दोन ठोक्यांमधे एवढं थांबणारी की आता पुढचा ठोका येतच नाही असं वाटावं. मग यायचा.

“भूपेश,” ती कुजबुजली. “खणू नकोस.”

“काय झालं?”

“खणू नकोस रे!”

तो धावत येऊन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. तिनं हात किंचित उघडले. शेठच्या मिशा थरथरत होत्या. मग एक पाय लांबला. मग सबंध अंग कापायला लागलं, त्या शेवटच्या दिवसांत कापायचं तसंच, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“गारठला होता!” ती म्हणाली. “अरे, हा गारठला होता! कापूस ओढायचा, ढिगात घुसायचा, खाणं साठवायचा... थंडी वाजत होती त्याला. आणि आम्ही त्याला वाऱ्याच्या तोंडाशी ठेवला. सगळ्यात चांगली जागा म्हणून. बाबा म्हणत होते काय बदललं ते शोध. मी साबण बदलले, मिक्सर हलवला. हवा बदललीय, हे कुणाला सुचलंच नाही.”

भूपेशनं आपले दोन्ही हात तिच्या हातांभोवती धरले, बाहेरून. त्याचे हात कुदळीनं तापलेले, खरखरीत, मातीनं माखलेले होते. दोघं तशीच बसून राहिली. एकमेकांकडे बघायची कुणाची छाती होत नव्हती, म्हणून दोघं शेठकडे बघत होती. शेठनं एक डोळा उघडला.

ओळखीच्या एका प्राण्यांच्या डॉक्टरला भूपेशनं फोन लावला, फोन कानाशी आणि खांद्याशी दाबून, हात न सोडता. डॉक्टर म्हणाले, फार गार पडलं की हे असे मेल्यासारखे निपचित होतात, बरेच लोक तसेच पुरून टाकतात. हळूहळू ऊब द्या, एकदम शेकू नका. शुद्धीवर आला की थोडं पाणी पाजा, आणि उद्या आणून दाखवा.

स्वप्नालीनं त्या खड्ड्याकडे बघितलं आणि तिला दरदरून घाम फुटला.

“क रं भूपेश!” बांधापलीकडून आवाज आला. डोक्यावर वालाच्या शेंगांची पाटी घेतलेली बाई वालातून वाट काढत येत होती. ही त्याची आई, तुळशी. “तू कवा आलास? आन् हा खड्डा कनाला खनलास?”

भूपेश हात सोडून उठला नाही, आणि त्यामुळे सगळाच घोटाळा झाला. तुळशीची नजर मुलाच्या हातांवर आली, तिथून मुलीच्या चेहऱ्यावर गेली, आणि तिथंच थांबली.

“चुलतभावाच्या हळदीला आलाय ना तो,” स्वप्नाली घाईघाईनं म्हणाली.

“हलद तं पुढल्या महिन्यान हाय.”

भूपेशचे कान तांबडे झाले. स्वप्नालीनं त्याच्याकडे बघितलं. म्हणजे हा हळदीसाठी आला नव्हता. शेठ जगला-मेला ते बघायलाही नव्हता आला.

“कोन ही?” तुळशीनं विचारलं.

स्वप्नाली शेठकडेच बघत राहिली. काय सांगेल? लॅबवाली? शेठला सांभाळणारी? ओळखीची? ह्यातलं काहीही खोटं नव्हतं, आणि ह्यातलं काहीही ऐकायची तिची इच्छा नव्हती.

“आई,” भूपेश म्हणाला, “ही स्वप्नाली. मला हिच्याशी लग्न करायचंय. आधी हिलाच विचारणार होतो, पण तू मधेच आलीस.”

वालावरून एक बगळा उडाला. तुळशीनं पाटी उतरवून बांधावर ठेवली, कमरेवर हात ठेवले.

“मंग इचार ना तिला. मी क कान झाकू?”

“मी बौद्ध आहे,” स्वप्नाली आधी म्हणाली. हे आत्ताच सांगितलेलं बरं. नंतर कुणाच्या तोंडून कळायला नको. 

तुळशीनं पदराला हात पुसले. तेवढ्या वेळात स्वप्नालीनं मनातल्या मनात बाइकवरून परत जायचा सगळा रस्ता पार केला. मग तुळशी खाली वाकली, तिच्या ओंजळीत डोकावली, आणि परत तिच्या तोंडाकडे बघितलं.

“मावरा खातंस का? मच्छी?”

“खाते.”

“मंग घरान चल पयले. चुलीपाशी ऊब हाय. बाकी बोलाचं ते बसून बोलू, उभ्या उभ्या नाय.” तिनं पाटी उचलली आणि जाता जाता मुलाला सुनावलं, “आन् तो खड्डा बुजव. म्हस परल त्यान.”

भूपेश अजून गुडघ्यांवरच होता. “मग?” त्यानं विचारलं. आवाज सुईच्या दिवसासारखाच बारीक झाला होता. पण ह्या वेळी त्यानं डोळे उघडे ठेवले होते.

“हात पुढे कर,” ती म्हणाली आणि शेठला अलगद त्याच्या ओंजळीत ठेवलं. मग ओढणीला हात पुसले आणि फोन लावला.

“बाबा? आलात घरी? शेठ जिवंत आहे... हो, खरंच. गारठला होता. गॅलरीचं दार लावून घ्या, आणि रागावू नका... आणि बाबा, पुढच्या रविवारी मीटिंगला जाऊ नका. घरी पाहुणे येणार आहेत.” ती ऐकत राहिली. “थांबा, तोच सांगेल.”

तिनं फोन भूपेशच्या कानाशी धरला. त्याच्या हातांत शेठ होता, त्यामुळे पळायची सोय नव्हती. त्यानं पाठ ताठ केली आणि एकेक शब्द तोलून, पण कुणी न शिकवता म्हणाला, “जय भीम, काका. मी भूपेश.”

पलीकडून फक्त एक दार ओढून घेतल्याचा आवाज आला, आणि मागून येणारी वाऱ्याची घूं घूं बंद झाली.

“जय भीम,” महेंद्र म्हणाले. “या. आईला घेऊन या.”